पांढरं झुरळ आजारी नसतं: पाळीव झुरळांची कात आणि आपली काळजी

झुरळं पाळणाऱ्या नव्या माणसाची पहिली घाबरगुंडी बहुधा एकाच कारणाने उडते. सकाळी डब्याचं झाकण उघडावं, तर तपकिरी झुरळांमध्ये एक पांढरंफटक झुरळ बसलेलं! मग कोणी म्हणतं रोग झाला, कोणी म्हणतं बुरशी लागली. काही जण तर ते उचलून फेकूनही देतात. वास्तविक ते झुरळ अगदी ठणठणीत असतं. त्याने नुकतीच कात टाकलेली असते, इतकंच.

आज आपण बोलणार आहोत ते मादागास्करच्या फुत्कारणाऱ्या झुरळाबद्दल. स्वयंपाकघरातलं झुरळ वेगळं, हे वेगळं. हे जंगलात जमिनीवरच्या पालापाचोळ्यात आणि कुजक्या ओंडक्यांत राहतं. लांबी ५ ते ७ सेंटिमीटर, पंख अजिबात नाहीत. डिवचलं की पोटाच्या बाजूच्या श्वासरंध्रांतून जोराने हवा सोडतं, तोच तो फुत्कार. चावत नाही, पळापळ करत नाही, म्हणून प्रयोगशाळांत, प्राणिसंग्रहालयांत आणि घरोघरीही ते पाळलं जातं.

आता कात कशासाठी? आपली हाडं आत असतात आणि शरीराबरोबर वाढतात. झुरळाचा सांगाडा बाहेर, कायटिन आणि प्रथिनांचा. तो वाढत नाही. लहान मुलाचा सदरा आखूड झाला की नवा शिवावा लागतो, तसंच हे. या झुरळाचं पिल्लू मोठं होईपर्यंत सहा वेळा कात टाकतं. प्रौढ झाल्यावर मात्र पुन्हा कधीच नाही.

हा हुकूम देतं एक संप्रेरक, त्याचं नाव एक्डायसोन. १९५४ साली ब्यूटेनांट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी ते शुद्ध रूपात वेगळं केलं. त्यासाठी त्यांना सुमारे ५०० किलो रेशीमकिड्यांचे कोश वापरावे लागले आणि हाती आलं जेमतेम २५ मिलिग्रॅम! इतक्या कणभर पदार्थावर हे सगळं चालतं.

संप्रेरक वाढलं की जुन्या कवचाखाली नवी मऊ त्वचा तयार होते. दोन्हींच्या मध्ये एक द्रव सुटतो. तो जुन्या कवचाचा आतला थर विरघळवतो आणि त्यातला बराचसा माल शरीर परत शोषून घेतं. या दिवसांत पिल्लू खाणं कमी करतं, आडोशाला बसतं. मग हवा गिळून अंग फुगवतं, पाठीवरची मधली रेघ उकलते आणि ते बाहेर सरकतं. टाकलेली कात नीट पाहा, आत पांढरे बारीक धागे दिसतील. ते श्वासनलिकांचं अस्तर! म्हणजे श्वासाच्या वाटांचीही कात निघते. पुढे काही तासांत कवचातली प्रथिनं एकमेकांत घट्ट बांधली जातात, ते कडक होतं आणि तपकिरी रंग चढतो.

धोका आहे तो या काही तासांत. हवा कोरडी असेल तर जुनं कवच पायांना, मिशांना चिकटून राहतं. गर्दी असेल तर इतर झुरळं त्या मऊ अंगाला कुरतडतात. पाय रोवायला खरबरीत जागा नसेल तर पिल्लाला कातीतून सुटता येत नाही.

म्हणून आम्ही काय करतो? तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्के ठेवतो. डब्याच्या एका बाजूला पाणी फवारतो, दुसरी कोरडी ठेवतो. जिवाला हवं तिकडे तो जाईल. जाळीतून वारा खेळता राहिला पाहिजे, नाहीतर बुरशी येते. झाडाची साल आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावतो. गाजर, पालेभाज्या यांच्या जोडीला प्रथिनांसाठी कुत्र्याचं कोरडं खाद्य थोडंसं. पाण्याची वाटी नको, पिल्लं बुडतात. भिजवलेला कापूस पुरे. आणि कात लगेच उचलू नका. झुरळ ती स्वतःच खातं, तिच्यातली प्रथिनं वाया घालवत नाही.

एक चूक आमच्या हातूनही झाली आहे, ती सांगतो. एका पिल्लाचा मागचा पाय कातीत अडकला होता. दया आली, चिमटा घेतला आणि हळूच ओढलं. कातीबरोबर पायही आला, आणि ते पिल्लू वाचलं नाही. तेव्हापासून आमचा नियम एकच: ओढायचं नाही. जवळ फवारा मारायचा, आर्द्रता वाढवायची, झाकण लावायचं आणि वाट बघायची. पिल्लाचा पाय तुटला तरी पुढच्या कातींमध्ये तो पुन्हा उगवू शकतो. आपण घाईने केलेली जखम मात्र जीव घेऊ शकते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी डब्यात पांढरं झुरळ दिसलं, तर हात मागे घ्या. पाहुण्यांना दाखवायलाही उचलू नका. झाकण लावा, दिवा मालवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. ते तपकिरी होऊन, आदल्या दिवसापेक्षा थोडं मोठं होऊन गाजर खात बसलेलं असेल.

आता प्रश्न घेऊ या.