एकच अर्थ, दोन लिप्या: स्कीमा कंपायलर जेसन शिकतो तेव्हा

मागच्या व्याख्यानात आपण भर्तृहरीपाशी थांबलो होतो. ध्वनी वेगवेगळे, बोलणारे वेगवेगळे, तरी ऐकणाऱ्याला कळणारा अर्थ एकच कसा, हा त्याचा प्रश्न. संगणकाच्या जगात हा प्रश्न रोजच्या कामात येतो. आज त्याचं एक उदाहरण घेऊ. ज्यांनी प्रोग्रॅमिंग केलेलं नाही त्यांनी घाबरू नये, मी सावकाश जाणार आहे.

दोन प्रोग्रॅमना एकमेकांकडे माहिती पाठवायची असेल तर तिचा आराखडा आधी ठरवावा लागतो. रुग्णाचा क्रमांक ही पूर्ण संख्या, नाव म्हणजे अक्षरं, तपासणीची वेळ अमुक प्रकारची. हा आराखडा म्हणजे स्कीमा. तो वाचून माहिती बांधण्याचा आणि सोडवण्याचा कोड जावा, पायथन अशा भाषांत आपोआप लिहून देतो तो स्कीमा कंपायलर. गूगलने २००८ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला प्रोटोकॉल बफर्स, म्हणजे प्रोटोबफ, हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण.

प्रोटोबफची मूळ लिपी बायनरी. स्कीमात प्रत्येक फील्डला एक नाव असतं आणि एक क्रमांक. बायनरीत फक्त क्रमांक जातो. समजा १ क्रमांकाच्या फील्डमध्ये १५० ही संख्या आहे. याचे तीन बाइट होतात: पहिला सांगतो की हे फील्ड १ आहे आणि पुढे संख्या येतेय, उरलेल्या दोनांत १५०. हेच जेसनमध्ये लिहायचं तर महिरपी कंस आला, अवतरणचिन्हांत नाव आलं, मग अपूर्णविराम, मग संख्या. नाव एका अक्षराचं असलं तरी एकूण नऊ अक्षरं.

मग जेसन हवं कशाला? कारण ब्राउझरला ते थेट वाचता येतं, आणि काही बिघडलं तर माणसालाही डोळ्यांनी वाचता येतं. म्हणून २०१६ मध्ये आलेल्या प्रोटोबफच्या तिसऱ्या आवृत्तीत जेसनचे अधिकृत नियम ठरवले गेले. हीच गरज एएसएन.१ या १९८४ पासूनच्या स्कीमा-भाषेलाही भासली, आणि २०१७ मध्ये आयटीयूने एक्स.६९७ या मानकात तिच्यासाठी जेसनचे नियम दिले.

वरवर पाहता काम सोपं आहे. कंपायलरने आतापर्यंत बाइट लिहिणारा कोड तयार केला, आता अक्षरं लिहिणारा करायचा. पण मोडी कागद बाळबोधीत उतरवणाऱ्याला विचारा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा केलेला नसतो. बाळबोधीत लिहायला बसलं की ‘दिन’ की ‘दीन’ हे ठरवावंच लागतं. पहिल्या लिपीने न विचारलेला प्रश्न दुसरी लिपी विचारते. इथेही तसंच होतं. असे तीन प्रश्न पाहू.

पहिला प्रश्न संख्येचा. स्कीमा म्हणतो, रुग्ण क्रमांक ६४ बिटांची पूर्ण संख्या. जेसनच्या मानकाने संख्येच्या लांबीवर मर्यादा घातलेली नाही, म्हणजे लिहिताना अडचण नाही. पण ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट जेसनमधली संख्या वाचते ती दशांशाच्या प्रकारात, आणि त्यात पूर्ण संख्या बिनचूक राहण्याची हमी ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच आहे. तुम्ही ९००७१९९२५४७४०९९३ पाठवलात तर वाचणाऱ्याला शेवटी ९९२ दिसेल. चूक झाल्याचा कुठलाही संदेश नाही. एका रुग्णाचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर, आणि दोन्हीकडचे प्रोग्रॅम म्हणणार, आमचं सगळं ठीक आहे. ट्विटरचे क्रमांक २०१० मध्ये असे लांब होऊ लागले, तेव्हा त्यांना प्रत्येक क्रमांक अक्षरांच्या रूपातही द्यावा लागला. म्हणून प्रोटोबफचा नियम असा की ६४ बिटांची संख्या जेसनमध्ये अवतरणचिन्हांत लिहायची. दिसायला विचित्र, पण बरोबर.

दुसरा प्रश्न नावाचा. बायनरीत नाव प्रवासच करत नाही, त्यामुळे प्रोग्रॅमरला ते बदलायची मुभा होती. क्रमांक तोच ठेवा, नाव हवं ते द्या. जेसन आलं आणि नाव बाहेर पडलं. आता ते बदललंत तर पलीकडचा वाचणारा जुनं नाव शोधत बसेल. कंपायलरचंही काम वाढतं. मधे अधोरेषा असलेली नावं प्रोटोबफ जेसनमध्ये जोडून लिहितो, त्यामुळे स्कीमातली दोन वेगळी नावं जेसनमध्ये एकच होऊ शकतात. अशी टक्कर दिसली की कंपायलरने स्कीमाच नाकारायचा. शिवाय जेसनमधलं नाव वेगळं बांधून ठेवण्याची सोय द्यायची, म्हणजे आतलं नाव बदललं तरी बाहेरचं टिकतं.

तिसरा प्रश्न अभावाचा. आपल्या परंपरेत अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानावा का, यावर केवढे वाद झाले! साध्या फील्डची किंमत शून्य असेल तर प्रोटोबफ ते फील्ड पाठवतच नाही. बायनरी वाचणाऱ्याकडे कंपायलरने दिलेला कोड असतो, तो रिकामी जागा शून्याने भरतो. जेसन वाचणाऱ्या मुलाला मात्र फील्ड दिसतच नाही. साखर शून्य, की साखर तपासलीच नाही? हा फरक महत्त्वाचा असेल तर स्कीमात ते फील्ड ‘ऑप्शनल’ म्हणून लिहावं लागतं. मग मुद्दाम भरलेलं शून्यही जेसनमध्ये उतरतं.

आता तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी काय आहे ते पाहा. बायनरी वाचणाऱ्याच्या हातात स्कीमा असतोच, त्याशिवाय त्याला फारसा अर्थच लागत नाही. जेसन वाचणाऱ्याच्या हातात तो असेलच असं नाही. तो समोरचं पान वाचतो आणि उरलेलं आपल्या समजुतीने भरतो. जेसनची भर घालणं म्हणजे स्कीमा न पाहिलेल्या माणसाला घरात घेणं. जे आपल्यात न बोलता ठरलेलं होतं, ते त्याच्यासाठी लिहून ठेवावं लागतं.

कोणी विचारेल, मग हे नीट झालं हे ओळखायचं कसं? माहिती जेसनमध्ये लिहा, परत वाचा, मूळ माहितीशी जुळते का पाहा. सर्वांत मोठी संख्या, शून्य, रिकामं नाव, सगळं घालून पाहा. प्रोटोबफने यासाठी अनुरूपतेच्या चाचण्यांचा सामायिक संच ठेवला आहे, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतला कोड एकाच कसोटीवर घासता येतो. पण ही परीक्षा अर्धी आहे, कारण परत वाचणारा आपलाच, स्कीमा माहीत असलेला. उरलेली अर्धी म्हणजे स्कीमा न दाखवता ते पान दुसऱ्याला द्यायचं आणि विचारायचं, तुला यातून काय कळलं?

इथे थांबतो. पुढच्या वेळी अभावाचा धागा न्यायदर्शनातून पुढे नेऊ.