उन्हातली वाटचाल आणि घामाचा हिशेब

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी येथे रामनवमीला बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. रामनवमी येते मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यात. विदर्भात तेव्हा दुपारचा पारा चाळिशीकडे झुकू लागलेला असतो. अशा उन्हात म्हातारे, मुले, बायाबापड्या असा जथा दिवसभर चालतो तेव्हा प्रत्येकाच्या शरीरात काय घडत असते, हे पाहण्यासारखे आहे.

बंजाऱ्यांच्या पूर्वजांना हे गणित अनुभवाने ठाऊक होते. रेल्वे येण्यापूर्वी धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून देशभर पोचवण्याचे काम त्यांचे तांडे करीत. पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला 1632 मध्ये उत्तर भारतात असा 14,000 बैलांचा तांडा भेटला. त्याने लिहून ठेवले आहे की, तांडा दिवसाला फार तर सहा-सात मैल चालतो आणि तेही थंड वेळी. बैलांना चरायला वेळ हवा हे एक कारण झाले; पण भर दुपारी चालायचे नाही, ही शिस्त माणसांच्याही कामी येत असणार.

आता हिशेब मांडू. मध्यम चालीने चालणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीरात तासाला सुमारे 250 किलोकॅलरी उष्णता तयार होते. त्वचेचे तापमान साधारण 35 अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेल तर थोडी उष्णता आपोआप हवेत जाते. पण हवा 42 अंशांवर गेली की प्रवाह उलटतो आणि हवाच आपल्याला तापवू लागते. त्यात माथ्यावरचे ऊन आणि तापलेला रस्ता. हे सगळे मिळून तासाला आणखी 200 किलोकॅलरी धरू. एकूण झाल्या 450. उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लीटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे तासाला पाऊण लीटरहून थोडा जास्त घाम वाळला पाहिजे. सहा तास चालले तर साडेचार लीटरच्या वर! पन्नास किलो वजनाच्या माणसाला हे फार मोठे नुकसान आहे. शरीरातील पाणी वजनाच्या दोन टक्के, म्हणजे त्याच्या बाबतीत एक लीटर, कमी झाले तरी चालण्याची ताकद घटू लागते.

इथे ‘वाळला पाहिजे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. टपकून गेलेला घाम उष्णता नेत नाही. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात दक्षिण टोकाच्या एलात गावी वर्षभरात जेमतेम 25-30 मिलिमीटर पाऊस पडतो; वाशिमला त्याच्या पंचवीसपट तरी पडतो. तेव्हा वाशिम काही वाळवंट नव्हे. परंतु एप्रिलच्या दुपारी इथली हवा वाळवंटासारखीच कोरडी असते. घाम येतो तसा उडून जातो, अंग ओले दिसत नाही, आणि माणसाला वाटते की आपल्याला घाम आलाच नाही. सदऱ्यावर उमटलेले मिठाचे पांढरे डाग मात्र खरे सांगतात.

दमट हवेत याच्या उलट होते. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघर येथे भर उन्हात झालेल्या जाहीर समारंभानंतर उष्माघाताने 14 जण दगावले. पारा होता 38 अंशांच्या आसपास, म्हणजे विदर्भाच्या मानाने कमीच. पण किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम वाळणे अवघड असते.

तहान हा भरवशाचा मापक नाही, ही दुसरी अडचण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅडॉल्फ यांनी वाळवंटातील सैनिकांवर प्रयोग केले. पाणी हाताशी असूनही माणसे गमावलेल्यापेक्षा कमीच पितात आणि तूट जेवणाच्या वेळी भरून काढतात, असे त्यांना आढळले. समूहात तर ‘बाकीचे थांबत नाहीत, मग मी कसा थांबू’ हा संकोचही असतो. म्हणून सहल नेणाऱ्या गुरुजींनी तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने सर्वांना थांबवून पाणी पाजावे. वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा ठेवावा. मात्र नुसते पाणी बेसुमार पिणेही बरे नव्हे. रक्तातील सोडियम पातळ होते. मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी, ताक आणि वेळेवर जेवण याने ते टळते.

कपड्यांबद्दलचा एक प्रयोग मजेदार आहे. नेगेवमधील बदाउनी लोक काळे झगे का घालतात, याचा शोध श्कोल्निक आणि सहकाऱ्यांनी घेतला. तो 1980 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. काळा झगा उष्णता जास्त शोषतो हे खरेच ठरले. पण ती वाढीव उष्णता त्वचेपर्यंत पोचण्याआधीच हवेबरोबर निघून जात होती. काळ्या आणि पांढऱ्या झग्यात शरीराला मिळणारी उष्णता सारखीच निघाली. झगा सैल होता, हे विसरू नये. अंगाला चिकटणाऱ्या काळ्या सदऱ्याला हा निष्कर्ष लागू नाही.

चालता चालता कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. ‘त्वचा कोरडी पडते’ असे पुस्तकांत असते, पण चालणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही उष्माघात होऊ शकतो. ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखान्यात हलवावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

वर्गात करण्याजोगा प्रयोग सोपा आहे. दोन सारखे तापमापी घ्या. एकाच्या फुग्याला ओली मलमलीची चिंधी गुंडाळा आणि दोन्हींना सावलीत वारा घाला. हवा 42 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 15 टक्के असेल तर ओला तापमापी 22 अंशांच्या जवळपास उतरेल. हवा 38 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असेल तर तो 29 च्या खाली जाणार नाही. माठातले पाणी एप्रिलमध्ये गार आणि श्रावणात कोमट का लागते, हे विद्यार्थ्यांना मग निराळे सांगावे लागणार नाही. नोंदी एप्रिलमध्ये एकदा आणि जुलैमध्ये पुन्हा घ्याव्यात.