दहा मिनिटांच्या नियमाची पंधरा वर्षं

सिचुआनमध्ये पावसाळा लागला की डोंगराळ भागातल्या जलविद्युत केंद्रांकडे गिऱ्हाईक मिळणार नाही इतकी वीज तयार होते. चीनमधले बिटकॉइन मायनर वर्षानुवर्षं याच हिशेबावर जगत होते. कोरड्या महिन्यांत शिनच्यांगची कोळशाची वीज वापरायची आणि पाऊस सुरू झाला की यंत्रं ट्रकमध्ये भरून सिचुआन गाठायचं. २०२१ मध्ये मात्र पावसाबरोबर बंदीचे हुकूमही आले. मे महिन्यात बीजिंगने मायनिंगवर कारवाई जाहीर केली आणि जून संपायच्या आत सिचुआनमधल्या केंद्रांची वीजही तोडली गेली. बिटकॉइनचं जाळं ज्या गणनशक्तीवर चालतं, तिच्यातली जवळपास निम्मी काही आठवड्यांत नाहीशी झाली.

एखाद्या बँकेची निम्मी यंत्रणा अशी बंद पडली असती तर तातडीच्या बैठका झाल्या असत्या, सरकारकडे धाव घेतली गेली असती. बिटकॉइनला ना मुख्यालय आहे ना व्यवस्थापक. पुढे जे घडलं ते २००९ पासून लागू असलेल्या एका नियमामुळे घडलं.

तो नियम सातोशी नाकामोतो या टोपणनावाने वावरणाऱ्या निर्मात्याने घालून दिला. व्यवहारांचा नवा ब्लॉक सरासरी दर दहा मिनिटांनी तयार व्हावा आणि तो तयार करणाऱ्याला नवी बिटकॉइन मिळावीत, अशी ती योजना आहे. त्यासाठी एक गणिती कोडं सोडवावं लागतं; यंत्रं लावून ते सोडवणारे म्हणजे मायनर. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, जाळं मागचे ब्लॉक किती वेळात झाले ते तपासतं. लवकर झाले असतील तर कोडं अवघड होतं, उशीर झाला असेल तर सोपं.

२०२१ च्या त्या जूनमध्ये दोन आठवड्यांचा टप्पा एकोणीस दिवसांवर लांबला. ३ जुलैला कोड्याची काठिण्यपातळी सुमारे २८ टक्क्यांनी खाली आली. तोवरच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घट होती. कोडं सोपं झाल्यामुळे टिकून राहिलेल्या मायनरांच्या वाट्याला त्याच यंत्रांवर जास्त बिटकॉइन येऊ लागली. साहजिकच जुनी यंत्रं पुन्हा सुरू झाली, तर चीनमधून बाहेर पडलेली कझाकस्तान आणि टेक्सासच्या वाटेला लागली. वर्ष संपायच्या सुमारास गणनशक्ती पूर्वपदावर आली होती. एवढं स्थलांतर झालं, पण त्याची आखणी कुणीच केली नव्हती.

या लवचिकतेचं कौतुक करावंच लागतं, पण तिची किंमतही मोजायला हवी. बिटकॉइनचा भाव वाढला तरी बिटकॉइन वेगाने निघत नाहीत. यंत्रं वाढतात, कोडं अवघड होतं आणि तेवढ्याच नाण्यांसाठी जास्त वीज जळते. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार अलीकडच्या वर्षांत हा वापर वर्षाला १०० अब्ज युनिटांच्या पुढे गेला आहे. त्याचा भार जिथे यंत्रं जातात तिथल्या ग्रिडवर पडतो. कझाकस्तानात विजेची टंचाई निर्माण झाली. टेक्सासमध्ये याच्या अगदी उलट धंदा उभा राहिला. ऑगस्ट २०२३ च्या उकाड्यात रायट प्लॅटफॉर्म्स या कंपनीला वीज न वापरल्याबद्दल ३.१७ कोटी डॉलरचं क्रेडिट मिळालं. त्या महिन्यात तिने काढलेली बिटकॉइन होती ३३३, म्हणजे यंत्रं बंद ठेवण्यातली कमाई चालवण्यातल्या कमाईच्या तिपटीहून जास्त. बिटकॉइनच्या कोडमध्ये टेक्सासच्या उकाड्याचा उल्लेखही नाही, तरी जाळ्याचं अर्थकारण तिथवर जाऊन पोचलं.

दहा मिनिटांचा नियम टिकला, कारण तो घड्याळाकडे पाहतो. मायनरांचा उत्साह, बाजाराचा मूड, नाण्याचा भाव यांतलं काहीही तो थेट विचारात घेत नाही. याचं महत्त्व कळायला मे २०२२ मधला टेरा या क्रिप्टो प्रकल्पाचा कोसळता डोलारा पाहावा लागतो.

दो क्वॉन यांच्या टेराफॉर्म लॅब्सने यूएसटी हे नाणं कायम एका डॉलरला बांधून ठेवण्याचा घाट घातला होता. त्यामागे तारण म्हणून डॉलर ठेवलेले नव्हते. होतं लूना नावाचं दुसरं नाणं. एक यूएसटी द्या, एका डॉलरचं लूना घ्या, एवढाच करार. अँकर नावाच्या योजनेत यूएसटी ठेवणाऱ्याला वर्षाला २० टक्क्यांच्या घरात व्याज मिळत असल्याने मागणी तुफान होती. ७ मेपासून पैसे काढणाऱ्यांची रांग लागली आणि कराराचं खरं रूप दिसलं. लूना ८० डॉलरला असताना शंभर यूएसटीच्या बदल्यात सव्वा लूना द्यावं लागे. ते एका डॉलरवर आलं तेव्हा शंभर, आणि एका सेंटवर आलं तेव्हा दहा हजार. नवं लूना मिळालं की लोक ते लगेच विकत, त्यामुळे भाव आणखी पडे आणि पुढच्याला त्याहून जास्त लूना छापून द्यावं लागे. काही दिवसांत त्याची संख्या सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली. बाजारमूल्यातले सुमारे ४० अब्ज डॉलर बुडाले आणि त्यांत कित्येकांची आयुष्यभराची बचत होती. बिटकॉइनच्या नियमात बिघाड वाढला की तो भरून काढायचं आमिषही वाढतं. टेराच्या नियमात पळून जायचं आमिष वाढत गेलं.

बिटकॉइनच्या रचनेतला एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. मायनरांचं बक्षीस दर २,१०,००० ब्लॉकनंतर निम्मं होतं: सुरुवातीला ५० बिटकॉइन, २०१२ मध्ये २५, २०१६ मध्ये साडेबारा, २०२० मध्ये सव्वासहा. हळूहळू व्यवहारशुल्काने त्याची जागा घ्यावी, अशी अपेक्षा होती. २० एप्रिल २०२४ ला बक्षीस ३.१२५ वर आलं. त्याच ब्लॉकला रून्स ही टोकन काढायची नवी पद्धत सुरू झाली आणि आत शिरायला एवढी झुंबड उडाली, की त्या एका ब्लॉकचं शुल्क ३७ बिटकॉइनच्या वर गेलं. काही दिवसांतच लाट ओसरली आणि मायनरांची मुख्य कमाई पुन्हा नव्या नाण्यांवर आली. पुढची कपात २०२८ मध्ये अपेक्षित आहे. तेव्हा बक्षीस दीड बिटकॉइनच्या आसपास राहील.