आयात जपानी वॅगन आणि तिचे ब्रेक : खारदांड्यापासून बोरघाटापर्यंत

ज्या मोटारीचे छत मागच्या टोकापर्यंत सलग जाते आणि जिच्यातली सामानाची जागा प्रवाशांच्या कक्षालाच जोडलेली असते, त्या बांध्याला ‘वॅगन’ म्हणतात. जपानमध्ये १९९०च्या दशकात या घरगुती बांध्यात ताकदवान इंजिने बसवण्याची चढाओढ लागली होती. सुबारूची लेगसी, मित्सुबिशीची लेग्नम व्हीआर-४ आणि १९९७ साली आलेली, स्कायलाइन जीटी-आरचे इंजिन व ब्रेम्बो ब्रेक कारखान्यातूनच घेऊन येणारी निस्सान स्टेजिया २६०आरएस ही त्या चढाओढीतली ठळक नावे. मात्र यांपैकी एकही भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही. त्या कुळातली जी एक गाडी आली ती सुबारूची फॉरेस्टर, आणि तीही दुसऱ्याच्या नावाने. सुबारू बनवणाऱ्या फुजी हेवी इंडस्ट्रीज या कंपनीत त्या काळी जनरल मोटर्सची २० टक्के भागीदारी होती, त्यामुळे २००३ साली शेवरोले हे नाव भारतात आणताना जपानमधून पूर्ण बांधून आलेली फॉरेस्टर ‘शेवरोले’ म्हणून विकण्यात आली. २००५ मध्ये जनरल मोटर्सने ती भागीदारी विकली, पुढे आयात थांबली आणि २०१७ च्या अखेरीस शेवरोलेने भारतातली विक्रीच बंद केली.

आज उरलेल्या फॉरेस्टर गाड्यांनी वयाची पंधरा वर्षे ओलांडलेली आहेत. भारतात आलेले इंजिन दोन लिटरचे आणि बेताच्या ताकदीचे होते. पण याच बांध्याला अडीच लिटरचे टर्बो इंजिन व ब्रेम्बो ब्रेक जोडून २००४ साली जपानमध्ये ‘एसटीआय’ आवृत्ती निघाली होती आणि इम्प्रेझा या रॅलीत गाजलेल्या गाडीशी फॉरेस्टरची चौकट जवळच्या नात्याची आहे. म्हणूनच तिच्या मालकांना मोठ्या ब्रेकचा मोह पडतो. हा मोह समजण्यासारखा असला, तरी बहुतेक वेळा गरज असते ती मूळचे ब्रेक पूर्ववत करण्याची. मोठे ब्रेक हा त्यानंतरचा विषय होय.

पेडलवर पडलेला पायाचा जोर बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या निर्वाताच्या मदतीने तो जोर वाढवणारा डबा, मास्टर सिलिंडरकडे पोचवतो. तिथे ब्रेक ऑइलवर दाब निर्माण होतो, आणि बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखाच पसरत असल्याने तो चारही चाकांशी जातो. डिस्कला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या चिमट्याला कॅलिपर म्हणतात. त्यातले पिस्टन पॅडना डिस्कवर दाबतात आणि गतीची उष्णता होते. मात्र एवढ्याने गाडी थांबत नाही. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. ज्या गाडीचे ब्रेक जोरात दाबल्यावर चाक जागच्या जागी अडकते, किंवा चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा पायाखाली थरथरू लागते, त्या गाडीला कितीही मोठा कॅलिपर लावला तरी एका झटक्यातले थांबण्याचे अंतर कमी होत नाही. ते चांगल्या टायरने होते, आणि ही गोष्ट ब्रेक विकणारा सहसा सांगत नाही.

खारदांड्याला, म्हणजे कार्टर रोडच्या उत्तर टोकाला कोळीवाड्याला लागून उभ्या राहणाऱ्या गाडीचा पहिला शत्रू उष्णता नव्हे, खारी हवा हा आहे. डिस्क बिडाची असते आणि तिला रंग देता येत नाही, त्यामुळे पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो. हा थर निरुपद्रवी असून पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो. खरे नुकसान दिसत नाही अशा जागी होते. साध्या, सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो आणि पलीकडचा पॅड दाबण्यासाठी संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकावा लागतो; पिनांवरचे रबरी बूट फाटून आत खारे पाणी शिरले की पिन गंजते, कॅलिपर जाम होतो आणि आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला असताना बाहेरचा जवळपास नवा राहतो. चाकाच्या फटीतून डोकावणाऱ्याला बाहेरचाच पॅड दिसतो, म्हणून ‘पॅड चांगले आहेत’ हा निर्वाळा अनेकदा चुकतो. साध्या फेरीनंतर चारही चाकांजवळ, न शिवता, तळहात धरून पाहिला आणि एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे तापलेले आढळले, तर तिथला ब्रेक चिकटतो आहे असे समजावे.

अशा वेळी नुसते पॅड बदलून काम संपवणे हा पैशांचा अपव्यय होय. पिना काढून स्वच्छ कराव्या लागतात, रबरी सील व बूट नवे घ्यावे लागतात आणि वंगण खास ब्रेकसाठीचेच वापरावे लागते, कारण साध्या खनिज ग्रीसने ब्रेकचे रबर फुगते. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच उठवलेली असते. लेथवर डिस्क घासून घेतल्याने पृष्ठभाग सपाट होतो खरा, पण जाडी घटते आणि पातळ डिस्क कमी उष्णता सामावते. पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी ती गिअरमध्ये ठेवून चाकाला गुटका लावणे बरे, नाहीतर मागचे ब्रेक ओढलेल्या अवस्थेतच चिकटून बसतात.

दुसरा शत्रू, म्हणजे उष्णता, खंडाळ्याला भेटतो. प्रवासी-सामानासह सुमारे १,७०० किलो वजनाची गाडी बोरघाटात अंदाजे ५०० मीटर खाली उतरते असे धरले, तर वाटेत सुमारे ८३ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबवताना साडेसहा लाख ज्यूल लागतात. म्हणजे घाट उतरणे हे लागोपाठ बारा-तेरा वेळा तसे थांबण्याइतके आहे. एवढ्या उष्णतेत जुन्या घरातल्या बंबाएवढे, पंचवीस लिटरहून अधिक पाणी उकळेल. खालचा गिअर आणि समोरचा वारा यातला मोठा वाटा उचलतात, पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्या चालकाने तो जवळपास सगळाच पॅडवर टाकलेला असतो. याच घाटातल्या १:३७ चढाच्या लोहमार्गावर उतरणाऱ्या गाड्यांसाठी ब्रेक तपासणीचे थांबे आणि सुटलेली गाडी अडवणारे बाजूचे रूळ ठेवलेले आहेत. मोटारमालकाला अशी सक्ती नाही, हे फारसे भूषणावह नव्हे.

उष्णतेने ब्रेक दोन प्रकारे दगा देतो आणि दोहोंची खूण पायाला वेगवेगळी कळते. पेडल घट्ट लागते पण गाडी हळू होत नाही, तेव्हा पॅडचे घर्षण तापून घटलेले असते. पेडल मऊ पडून खाली जाते, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दबत नाही, वाफ दबते, आणि पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच खर्च होतो. इथेच खारदांड्याची हवा आणि खंडाळ्याचा उतार एकमेकांना गाठतात. नेहमीचे ग्लायकोल जातीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळावे असा दंडक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४०, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. नावाने जवळचे वाटणारे डॉट ५ मात्र सिलिकोनचे असते आणि ते यांच्यात मिसळता येत नाही. वर्षानुवर्षे समुद्रकाठी राहिलेल्या गाडीचे ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलणे हीच या सगळ्या प्रकरणातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सुधारणा आहे.

त्यानंतर पॅडचा विचार येतो. अनेक पॅडच्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरांचा संकेत असतो, ज्यात पहिले अक्षर थंड आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतले घर्षण सांगते. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. शर्यतीसाठीचे पॅड तापल्यावरच नीट धरतात, त्यामुळे एस. व्ही. रोडच्या गर्दीत ते किंचाळतात आणि सकाळच्या पहिल्या सिग्नलला कमी पकडतात. त्यांची शोभा मोठी, उपयोग थोडा.

एवढे करूनही घाटात कमतरता जाणवली तरच मोठ्या डिस्ककडे वळावे. इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचे चार पिस्टनांचे कॅलिपर २९४ मिलिमीटर व्यासाच्या डिस्कवर बसतात. एसटीआयचे ब्रेम्बो त्याहून मोठे असल्याने १७ इंची चाके मागतात. शिवाय २००५ पासूनच्या इम्प्रेझा एसटीआयच्या हबवरील बोल्टांचे वर्तुळ १०० मिलिमीटरऐवजी ११४.३ मिलिमीटरचे असल्याने सगळेच भाग एकमेकांना जुळत नाहीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना कॅलिपर मिळालाच, तर पिस्टनवरचा गंज आणि सीलची खाच तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पिस्टनांचे एकूण क्षेत्रफळ वाढले आणि मास्टर सिलिंडर तोच राहिला, तर जास्त ऑइल ढकलावे लागते आणि पेडलचा प्रवास लांबतो. पुढच्या-मागच्या ब्रेकांचा तोलही बदलतो. दीड टनाची, अडीच मीटर चाकांतराची गाडी कोरड्या रस्त्यावर कचकन थांबवताना पावणेतीनशे किलोच्या आसपास भार मागच्या चाकांवरून पुढच्यांवर सरकतो. म्हणून पुढचे ब्रेक मुळातच मोठे असतात आणि मागचे आधी अडकले तर गाडी गिरकी घेते. पुढचेच अवाजवी वाढवले तर मागच्या टायरची पकड वापरावाचून राहते, म्हणजे खर्च करून थांबण्याचे अंतर वाढवून घेण्याचीही सोय आहे.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. मूळ मापाचा झिजलेला भाग बदलणे ही दुरुस्ती असली, तरी मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात मनमानी फेरबदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीत, म्हणजे खारच्या रहिवाशाला अंधेरीच्या आरटीओत, गाडी तपासणीसाठी उभी करावीच लागते. जुनी लेगसी किंवा स्टेजिया जपानमधून आणण्याचा मार्ग तर बंदच आहे, कारण वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि तीही मुंबई बंदरातूनच यावी लागते.

काम झाल्यावर नळ्यांतली हवा काढणे, ज्याला गॅरेजमध्ये ‘एअर काढणे’ म्हणतात, ते वर्कशॉप मॅन्युअलमधल्या क्रमानेच करावे. मग पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढावा यासाठी मोकळ्या रस्त्यावर, पहाटेच्या पश्चिम द्रुतगती महामार्गासारख्या ठिकाणी, मध्यम वेगावरून मध्यम जोराने आठ-दहा वेळा गाडी हळू करावी, पण पूर्ण थांबवू नये, आणि नंतर ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून ते निवू द्यावेत. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभे राहिल्यास पॅडचा ठसा डिस्कच्या एकाच जागी उमटतो आणि स्टिअरिंग थरथरू लागते. मेकॅनिक ज्याला ‘डिस्क वाकली’ म्हणतो, तो प्रकार पुष्कळदा हाच असतो, आणि त्यासाठी नवी डिस्क घेण्यापूर्वी पॅड पुन्हा नीट बसवून पाहावेत.