क्लिंगॉनचे शब्द कसे शिकावेत

'स्टार ट्रेक' चित्रपटांसाठी भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी घडवलेल्या क्लिंगॉन भाषेचा शब्दकोश 1985 साली प्रसिद्ध झाला. मूळ शब्दसंग्रह लहान असल्याने यादी पाठ केली की भाषा आली, असे शिकणाऱ्याला वाटते. पण ही भाषा शब्दांच्या संख्येपेक्षा प्रत्ययांवर अधिक उभी आहे. 'घोज' म्हणजे शिकणे. त्याला करणाऱ्याचा प्रत्यय लावला की विद्यार्थी, करवण्याचा लावला की शिकवणे, आणि दोन्ही लावले की शिक्षक. एक धातू नीट पचवला तर चार शब्द हाती येतात, आणि तेच प्रत्यय पुढच्या प्रत्येक धातूला उपयोगी पडतात. म्हणून आधी प्रत्यय, मग धातू, हाच क्रम मला योग्य वाटतो.

यावर आक्षेप असा की धातू तरी पाठ करावेच लागतात, कारण ते कोणत्याही ओळखीच्या भाषेतून आलेले नाहीत. हे खरेच आहे, आणि त्यासाठी उजळणीला पर्याय नाही. पण सुटा धातू लवकर विसरला जातो. वाक्यात वापरलेला टिकतो. दुसरा प्रश्न, हवा तो शब्द नसेल तर आपणच का बनवू नये? क्लिंगॉन बोलणारे सहसा ओक्रँड यांनी दिलेलेच शब्द मानतात, त्यामुळे घरगुती शब्द दुसऱ्याला कळत नाही. अशा वेळी आहे त्या शब्दांत अर्थ फिरवून सांगावा लागतो, आणि जुन्या शब्दांची खरी मशागत तिथेच होते.