रोड टॅक्स आणि गल्लीतला रस्ता

‘रोड टॅक्स भरतो, मग आमच्या गल्लीत खड्डे का?’ हा प्रश्न रास्त आहे. पण तो पैसा गल्लीच्या वाट्याला थेट येत नाही. महाराष्ट्रात हा मोटार वाहन कर राज्याच्या तिजोरीत जमा होतो. गल्लीतले रस्ते पाहणाऱ्या नगरपरिषदेचा हक्काचा पैसा मुख्यतः घरपट्टीचा (घर-दुकानांवरचा मालमत्ता कर). त्यातूनच दिवाबत्ती आणि खड्डे बुजवणेही.

नवे रस्ते बहुधा अनुदानातून होतात: राज्याच्या नगरोत्थान योजनेतून किंवा वित्त आयोगाच्या निधीतून. पंधराव्या आयोगाने 2021-26 साठी लहान शहरांच्या मूळ अनुदानातला 60 टक्के निधी पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला. उरलेल्या 40 टक्क्यांतच रस्त्यांना जागा. कौलारू घर कर्जावर उभे राहते, पण दरवर्षीची शाकारणी घरखर्चातूनच करावी लागते, रस्त्यांचेही तसेच. घरपट्टी थकली की आधी डागडुजी थांबते, आणि न बुजवलेल्या भेगेतून पाणी थेट रस्त्याच्या पायात मुरते.

गावातून जाणारा राज्यमार्ग मात्र सहसा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतो. नवा रस्ता दोषदायित्व काळात (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करण्याची मुदत) उखडला, तर नगरपरिषदेने पैसे मोजायचे कारण नाही. ती मुदत निविदेत लिहिलेली असते. नागरिकांनी ती जरूर विचारावी.