क्रमांकाचे माप आणि कावेरीकाठची महाविद्यालये

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते, आणि तेथील पालैवननाथराच्या देवालयाजवळ नायक राजांच्या अमदानीतील भाताचे भव्य कोठार आजही उभे आहे. धान्य मोजण्यास माप एक असले आणि माल एकाच जातीचा असला, म्हणजे मोजणीविषयी तंटा सहसा उद्भवत नाही. पण ज्या मुलुखात भाताची मोजदाद शतकानुशतके चालत आली, त्याच मुलुखातील शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या मुलामुलींना आज ज्या मापाने महाविद्यालय निवडावे लागते, ते माप कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न अद्याप निकालात निघालेला नाही. अभियांत्रिकीसाठी बारावीच्या गणित, पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राच्या गुणांवरून २०० पैकी गुणांक काढून सरकारी समुपदेशनाने जागा मिळतात, हे खरे. परंतु कोणत्या संस्थेला पसंती द्यावी, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते, आणि तेथे घरात पदवीधर माणूस नसलेल्या पालकाच्या हाती जाहिरातीतल्या क्रमांकाखेरीज दुसरा दाखला नसतो.

हा क्रमांक बहुधा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखड्याचा, म्हणजे ‘एनआयआरएफ’चा असतो. हा आराखडा २०१५ च्या सप्टेंबरात जाहीर झाला आणि पहिली यादी २०१६ साली निघाली. अध्यापन व साधनसामग्री, संशोधन, पदवीनंतरची फलश्रुती, सर्वसमावेशकता आणि लौकिक असे पाच निकष मानून, सर्वसाधारण यादीत त्यांना अनुक्रमे ३०, ३०, २०, १० व १० टक्के भार दिला जातो. महाविद्यालयांच्या यादीत अध्यापनाचा भार ४० टक्के होतो आणि संशोधनाचा कमी होतो. हे भार कोणी तरी विचारपूर्वक ठरविले असतील, याविषयी शंका नाही; पण ते निसर्गाने नेमून दिलेले नव्हेत, आणि ३० च्या जागी २५ लिहिले असते तर अनेक संस्था वरखाली झाल्या असत्या. यादीच्या मध्यावर दोन शेजारच्या संस्थांतले अंतर कित्येकदा एका गुणाच्या अपूर्णांकाइतके असते. शंभराव्या क्रमांकानंतर खुद्द सरकारच वेगळे क्रमांक न देता १०१ ते १५०, १५१ ते २०० असे गट करून नावे वर्णानुक्रमाने छापते. जी सावधगिरी तेथे आवश्यक वाटली, ती साठाव्या आणि सत्तराव्या क्रमांकांच्या बाबतीत अनावश्यक कशी ठरते, हे मला समजत नाही. शिवाय सहभाग ऐच्छिक असल्यामुळे देशातील चाळीस हजारांहून अधिक महाविद्यालयांपैकी या स्पर्धेत उतरणारी सुमारे चार हजारच आहेत. म्हणून ‘देशात पन्नासावे’ या शब्दांचा अर्थ ‘अर्ज करणाऱ्यांत पन्नासावे’ एवढाच घ्यावयाचा.

यापेक्षा गंभीर गोष्ट अशी, की बहुतेक माहिती संस्था स्वतःच भरून देतात. याच मुद्द्यावर मार्च २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे, ज्याच्या अधिकारक्षेत्रात तंजावर जिल्हाही येतो, एक जनहित याचिका आली. संस्थांनी दिलेले आकडे रुजुवात न करता स्वीकारले जातात, अशी तक्रार त्यात होती, आणि न्यायालयाने त्या वर्षीच्या क्रमवारीच्या प्रसिद्धीस अंतरिम मनाई केली. पुढे ती अडचण दूर होऊन ४ सप्टेंबर २०२५ रोजी यादी प्रसिद्ध झाली. तथापि याचिकेने उभा केलेला प्रश्न प्रसिद्धीने मिटला, असे म्हणता येणार नाही.

संशोधनाच्या निकषाची कथा तर अधिक क्लेशदायक आहे. शोधनिबंधांची संख्या आणि त्यांना मिळालेले संदर्भ मोजले जाऊ लागले, म्हणजे निबंध व संदर्भ उत्पन्न करण्याचा उद्योग सुरू व्हावयाचाच. चेन्नईतील एका दंतवैद्यक महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील लेखनातून निबंध तयार होऊन ते स्वतःच्याच संस्थेचे संदर्भ मोठ्या प्रमाणावर देतात, असा शोधवृत्तान्त ‘सायन्स’ या नियतकालिकाने जून २०२३ मध्ये छापला होता. मागे घेतल्या गेलेल्या निबंधांसाठी गुण कापण्याची तजवीज २०२५ च्या यादीपासून झाली, ती या क्रमवारीच्या कामाशी संबंधित प्रा. अनिल सहस्रबुद्धे यांनी जाहीर केली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे माजी संचालक म्हणून मराठी वाचकांना ते परिचित आहेत. हा उपाय स्वागतार्ह आहे, पण तो चोरी पकडली गेल्यानंतरचा आहे.

आता कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयाकडे पाहावे. पापनाशमच्या मुलांना ते जवळचे. १८५४ साली शाळा म्हणून निघालेल्या या संस्थेला पोर्टर आणि गोपाळराव यांच्यासारख्या अध्यापकांनी अशी प्रतिष्ठा मिळवून दिली, की तिला दक्षिणेचे केंब्रिज म्हणत. तो लौकिक कोणत्याही कोष्टकातून आलेला नव्हता. याच महाविद्यालयात १९०४ साली शिष्यवृत्ती घेऊन आलेला श्रीनिवास रामानुजन गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गमावून बसला, हेही त्याच इतिहासात नोंदलेले आहे.

अशा संस्थेला आजच्या मापात काय मिळते? सर्वसमावेशकतेच्या निकषात परप्रांतीय व परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला गुण आहेत. म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गरिबांच्या मुलांना अल्प शुल्कात शिकविणारी संस्था, ती आपल्याच जिल्ह्याची सेवा करते एवढ्याच कारणाने, तेथे मागे पडते. लौकिकाचे गुण नोकरी देणाऱ्यांच्या व विद्वानांच्या मतांवरून ठरतात, आणि ती मते महानगरातील परिचित नावांकडेच झुकणार. तमिळनाडूतील शासकीय महाविद्यालयांत रिकाम्या जागांवर मानधनावरचे अतिथी व्याख्याते हजारोंनी काम करीत आहेत. नेमणुका न करणे हा शासनाचा दोष, पण कायम अध्यापकांच्या रकान्यात त्याची शिक्षा महाविद्यालयाला होते. ज्या मुलीच्या आईला सही करता येत नाही, ती तीन वर्षांत कोठून कोठे पोहोचली, हे अंतर मोजणारा रकाना या आराखड्यात नाही. आणि माझ्या मते महाविद्यालयाचे खरे कर्तृत्व त्याच अंतरात असते.

ही व्याधी आपल्याच देशाची आहे असे नव्हे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने दिलेले आकडे चुकीचे असल्याचे तेथीलच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ साली दाखवून दिले, तेव्हा विद्यापीठाला काही चुका मान्य कराव्या लागल्या आणि एका अमेरिकी यादीत ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आले. एवढ्या अवधीत तेथील अध्यापन काही सोळा पायऱ्यांनी घसरले नव्हते. २०२० साली मुंबई, मद्रास, दिल्लीसह सात आयआयटींनी पारदर्शकतेचा मुद्दा काढून एका ब्रिटिश जागतिक क्रमवारीतून अंग काढून घेतले. मोठ्या संस्थांना असे करणे परवडते. लहान गावच्या महाविद्यालयाने नकार दिला, तर तो नकार कोणाच्या कानांवरही जात नाही.

तरीही ही क्रमवारी बंद करावी, असे मी म्हणणार नाही. तिच्यामुळे प्रत्येक सहभागी संस्थेला आपला तपशील आपल्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो: किती विद्यार्थी आले, किती नियत काळात पदवीधर झाले, किती नोकरीला लागले, त्यांच्या वेतनाचा मध्यांक काय, किती पुढे शिकावयास गेले. पापनाशमच्या पालकाने क्रमांक बाजूला ठेवून हा तपशील गावातील एखाद्या शिक्षकाकडून वाचवून घ्यावा, आपल्या मुलाच्या शाखेत किती कायम अध्यापक आहेत हे महाविद्यालयात जाऊन विचारावे, आणि मागच्या वर्षी तेथून बाहेर पडलेल्या चार मुलांना भेटावे. शासनाकडे तर याहून सोपा मार्ग आहे. उत्तीर्णांची संख्या विद्यापीठांच्या दफ्तरी आहे, नोकरदारांची नोंद भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीत आहे, अध्यापकांच्या वेतनाचा हिशेब कोषागारात आहे. या नोंदींशी संस्थांचे आकडे ताडून पाहावेत, आणि जेथे तफावत आढळेल तेथे संस्थेच्या नावासह ती तफावतही यादीच्या शेजारीच छापावी.